एकट्यांची रांग

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणत. मालक तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणत. तीन खोल्यांच्या त्या लॅबमध्ये मेणकामाच्या टेबलावर ती बावीस वर्षं बसत आली होती. डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून साचा करायचा, साच्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायच्या, आणि एकेक दात असा बसवायचा की ज्याचं तोंड आपण कधी पाहिलेलं नाही, त्याला ती कवळी स्वतःची वाटावी. हे तिच्याइतकं कोणाला जमत नसे. म्हणून अवघड कामं तिच्याकडे यायची, आणि अवघड कामं तिच्याकडे असायची म्हणून तिला रजा मिळायची नाही. घरी आई होती, ऐंशीला टेकलेली. एकटं राहायला घाबरणारी. तिचा वेळ लॅब आणि घर यांच्यात अगदी काटेकोर वाटलेला होता. मध्ये उरत असे तो फक्त रस्ता.

लॅबला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मालकांनी जाहीर केलं की सगळ्यांनी मिळून एक दिवस थीम पार्कला जायचं.

"मला नाही जमणार, सुट्टीच्या दिवशी आईजवळ कोणी नसतं," ती म्हणाली.

"बहिणीला बोलवा की एक दिवस," मालक म्हणाले. "कोणीही मागे राहायचं नाही, ताई. आपण एक कुटुंब आहोत."

कुटुंब हा शब्द आला की तिला नाही म्हणता येत नसे. बहिणीची मनधरणी करून झाली, गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवल्या, आणि ठरल्या दिवशी सकाळी ती बसमध्ये खिडकीशी बसली. आपण सत्तेचाळीस वर्षांच्या, झोके आणि घसरगुंड्यांत काय करणार, असं तिच्या मनात येत होतं. पण आतल्या आत थोडी हुरहूरही होती. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने पार्कचा नकाशा फोनवर तीनदा पाहिला होता. डोंगरासारखा उंच रूळ असलेली एक गाडी होती, तिच्यावर बोट ठेवून ती बराच वेळ बसली होती.

दहाला फाटक उघडलं. लॅबची माणसं आणि त्यांचे नवरे-बायका मिळून बाराजण होते. सगळे आधी पाण्याच्या खेळाकडे धावले. तिथे पाटी होती: खिसे रिकामे करा, फोन भिजतील. पॉलिशच्या मशीनवर बसणारा गडी लॅबचा विनोदवीर होता. त्याने पहिल्यांदा आपली सॅक तिच्या मांडीवर ठेवली.

"लॉकर कशाला हवाय? ताई आहे ना. आपलं चालतंबोलतं कपाट!"

सगळे हसले. तीही हसली. मग एकामागून एक पिशव्या आल्या. पर्स, सॅक, कॅमेरा, कोरड्या कपड्यांची गाठोडी, मालकांचा चष्मा, मालकीणबाईंची जड हातपिशवी. "पाचच मिनिटं हं ताई," म्हणत सगळे गेले.

पाच मिनिटांचा तास झाला, तासाचे दोन. मधूनमधून कोणीतरी ओलंचिंब येऊन ओरडायचं, "ताई, अजून एकदा जातोय!" आणि पळायचं. ती बाकावर अकरा पिशव्यांच्या मधोमध बसली होती. एक पट्टा मनगटाला, दोन गळ्यात, बाकीच्या पायांच्या विळख्यात. येणारीजाणारी माणसं तिला वळसा घालून जात होती, एका बाईने तर ती पिशव्या विकायला बसलीये असं समजून भाव विचारला. साडेअकरापासून तिला बाथरूमला जायचं होतं. पिशव्या टाकून जाता येत नव्हतं आणि अकरा पिशव्या घेऊन उठताही येत नव्हतं. बारा वाजले. सव्वाबारा वाजले. दुखणं ओटीपोटातून पाठीपर्यंत गेलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कोणाचा नाही तर स्वतःचाच राग आला. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपण परवानगीची वाट बघत बसलोय!

समोरच लॉकरची रांग होती. तिने तीन खेपा करून सगळ्या पिशव्या दोन मोठ्या कप्प्यांत कोंबल्या. स्वतःची पर्सही टाकली, फोनही. दोन्ही किल्ल्या रबरी पट्ट्यांत होत्या, त्या मनगटात घातल्या आणि ती जवळजवळ धावत सुटली.

बाहेर आली तेव्हा तिला काहीतरी वेगळं जाणवलं. थोडं चालल्यावर लक्षात आलं, हात हलताहेत. दोन्ही. रिकामे. समोर तो डोंगराएवढा रूळ होता. मोठी रांग लांबच लांब वेटोळी घालून उभी होती, पण शेजारी एक छोटी वाट होती, तिच्यावर पाटी: 'एकट्यांसाठी'. जोडीत, घोळक्यात एखादी खुर्ची रिकामी राहिली की तिथे एकट्या माणसाला बसवायचे. रांगेत चारच माणसं होती. ती पाचवी झाली. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. सहा मिनिटांत छातीवर लोखंडी दांडा येऊन बसलासुद्धा.

शेजारी एक पन्नाशीचा माणूस होता, तोही एकटाच. त्याने दांडा दोनदा ओढून पाहिला, खालच्या खाचेकडे वाकून बघितलं आणि मान हलवली.

"नीट बसलाय," तो स्वतःशीच म्हणाला.

गाडी निघाली. साखळी खडखडत तिला वर ओढू लागली. ते सगळे पाठीवर उताणे होत गेले, पायांच्या पलीकडे फक्त आभाळ उरलं. आता, आता, असं ती म्हणत होती; आणि माथा दहा हातांवर असताना एक धक्का बसला, खडखड थांबली, आणि सगळं स्तब्ध झालं.

कोणीतरी हसलं. कोणीतरी किंचाळलं. मग भोंग्यातून एका बाईचा आवाज आला, "किरकोळ तांत्रिक अडचण आहे. कृपया बसून राहा. पाच मिनिटांत सुरू होईल."

"पाच म्हणजे चाळीस," शेजारचा माणूस म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली. माणसं आत अडकतात, आणि मी दाराच्या बाहेरून ओरडतो, पाच मिनिटं, पाच मिनिटं. खरा आकडा सांगितला तर दार फोडतील." त्याने ओठ ओले केले. "ब्रेक लागलेत. मागे जाणार नाही आपण. त्याची काळजी नको."

हे त्याने अगदी शांतपणे सांगितलं, पण दांड्यावरच्या त्याच्या बोटांची नखं पांढरी पडली होती. तिने ते बघितलं.

"मग तुम्ही का घाबरलाय?"

"लिफ्ट भिंतीत असते हो," तो म्हणाला. "चारी बाजूंनी भिंती. इथे बाजूला काहीच नाही. मला वाटलं होतं जमेल. आयुष्यभर दुसऱ्यांना वर-खाली नेलं, म्हटलं एकदा आपणही बसून बघावं." त्याने डोळे गच्च मिटून घेतले. "काहीतरी बोला. मीही अडकलेल्यांना बोलतं ठेवतो. सकाळी काय स्वयंपाक केला ते विचारतो. कितीही रडणारा असो, भाजी सांगताना थांबतोच."

तिला येत होतं तेच ती बोलली. "तुमचा वरचा पुढचा दात बसवलेला आहे. डावा. रंग एका छटेने फिका घेतलाय."

त्याने डोळे उघडले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"दिसतं ना. दात पांढरा असला की झालं असं लोकांना वाटतं. पण खरा दात मुळाशी पिवळसर असतो, टोकाला जरा निळसर, पारदर्शक. आणि कडा इतकी सरळ ठेवायची नाही. तुमच्या वयाला थोडी झिजलेली हवी."

"बायको म्हणायची, हसताना दिवा लागल्यासारखा दिसतो," तो म्हणाला, आणि तसाच, दिवा लावून, हसला.

मग ती सांगत राहिली. मेण किती गरम करायचं, फार केलं तर कसं आकसतं, एका म्हातारीने तयार झालेली कवळी परत पाठवून 'माझ्या दातांत फट होती, ती द्या' अशी चिठ्ठी कशी लिहिली होती. बावीस वर्षांत एवढं सलग तिला कोणी बोलू दिलं नव्हतं. ऊन चढत होतं. दांडा छातीत रुतत होता. श्वास पुरा आत जात नव्हता. पाठीमागच्या डब्यात कोणीतरी हुंदके देत होतं. आई फोन करत असेल, तिच्या मनात आलं, आणि फोन तर खाली कुलपात. बहिणीला गोळ्यांचा कागद सापडला असेल ना? पाय हलवून पाहिले, हलत नव्हते. एकदम तिला घाम फुटला. इथून उठताच येत नाही हे तिच्या अंगाला त्या क्षणी कळलं. आणि पाठोपाठ हेही कळलं की ही भावना काही नवी नाही. रोज सकाळी साडेनऊला टेबलाशी खुर्ची ओढताना ती इथेच, छातीच्या मधोमध असते. फक्त तिथे दांडा दिसत नाही.

मान डावीकडे वळवून तिने खाली पाहिलं. बाक दिसला, रिकामा. पलीकडे लॉकर. आणि लॉकरसमोर मुंग्यांएवढी माणसं, गोल करून उभी. त्यातली एक मुंगी मालकांसारखे हातवारे करत होती.

"अगंबाई," ती म्हणाली.

"काय झालं?"

"आमची माणसं. त्यांच्या सगळ्यांच्या पिशव्या मी कुलपात ठेवल्यात. कोरडे कपडे, फोन, चष्मे, सगळं." तिने मनगट वर केलं. किल्ल्या उन्हात चकाकल्या. "आणि या बघा किल्ल्या."

तेवढ्यात पार्कभर लावलेल्या भोंग्यांतून घोषणा झाली. "ताई... ताई, आपण जिथे असाल तिथून लॉकरजवळ यावे. आपली माणसं वाट पाहत आहेत."

"कोणाची तरी ताई हरवलीये," लिफ्टवाला म्हणाला.

"मीच ती."

"तुमचं नाव नाही घेतलं त्यांनी?"

ती उत्तर देणार तोच घोषणा पुन्हा झाली, या वेळी बोलणारीलाच हसू आवरत नव्हतं. खाली लांबवर पाचपन्नास बायका थांबून इकडेतिकडे बघताना दिसल्या. प्रत्येक जण कोणाची ना कोणाची ताई असणारच. तिला आधी हसू फुटलं. ती इतकी हसली की दांडा हलू लागला आणि लिफ्टवाला "हलू नका, हलू नका" करायला लागला. मग हसता हसता ती मध्येच थांबली. बावीस वर्षं. अकराजण खाली उभे आहेत, आणि त्यांना भोंग्यावर सांगायला एवढंच सापडलं.

पन्नास मिनिटांनी बाजूच्या लोखंडी जिन्यावरून दोन कर्मचारी चढत आले. कमरेला दोर, हातात मोठी किल्ली. एकेका जोडीचा दांडा उघडून त्यांनी सगळ्यांना पायऱ्यांनी खाली उतरवलं. लिफ्टवाला पहिल्या पायरीवरच कठडा धरून थांबला. तिने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि पायऱ्या मोजत त्याला उतरवलं. खाली पार्कवाल्यांनी प्रत्येकाला माफीची एक चिठ्ठी दिली: आज कधीही या, रांगेशिवाय बसा.

"मी नाही बसत पुन्हा," तो म्हणाला. "तुम्ही बसा. माथ्यापर्यंत चढून उतरायचं राहिलंय, ते फार वाईट. आमच्यात असं काम कोणी सोडत नाही." आणि तो पाय ओढत सावलीकडे गेला.

लॉकरपाशी ती पोचली तेव्हा सगळ्यांचे कपडे अंगावर अर्धे वाळून कडक झाले होते. मालक चष्म्याशिवाय डोळे बारीक करून बघत होते.

"ताई! जबाबदारी म्हणून काही असतं की नाही? लॉकरवाली म्हणते, ज्याने ठेवलं त्यालाच देणार, नाहीतर ओळखपत्र दाखवा. ओळखपत्रं आत! जेवायला पैसे आत! फोन आत!"

"कपाटच पळून गेलं," पॉलिशवाला म्हणाला, पण कोणी हसलं नाही.

"मी वर अडकले होते," ती म्हणाली.

"वर? कुठे वर?" मालकांनी रुळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिने हिरड्यांना हिरवं मेण लावलं असतं तरी त्यांनी असंच पाहिलं असतं. "तुम्ही? त्याच्यात? कशाला?"

मग तिच्या लक्षात आलं की घोळक्यात मालकीणबाई नाहीत. त्यांना साखरेचा त्रास होता. सकाळची गोळी घेतलेली, वेळेवर खायचं ते पिशवीत, आणि पिशवी कुलपात. चक्कर येऊन त्या खाली बसल्या होत्या. पार्कच्या दवाखान्याच्या खोलीत त्यांना नेलं होतं. किल्ल्या तिथेच कोणाच्या तरी हातात देऊन ती धावली.

छोटी पांढरी खोली होती. एक खाट, एक पंखा, टेबलावर ग्लुकोजचा अर्धा ग्लास. मालकीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, पण डोळे जागे.

"माझी चूक झाली," ती दारातूनच म्हणाली. "मी सांगून जायला हवं होतं."

"बस आधी," मालकीणबाई म्हणाल्या. "सांगून गेली असतीस तर आम्ही जाऊ दिलं असतं का?"

ती स्टुलावर बसली. तिला उत्तर माहीत होतं.

"पिशवीत औषध आहे, खायचं आहे, हे मी तुला सांगितलं नव्हतं. ती माझी चूक. वस्तू दुसऱ्याच्या हातात दिली की डोक्यातूनच जाते." मालकीणबाईंनी ग्लास उचलला, एक घोट घेतला. "ती घोषणा करणारी विचारत होती, पूर्ण नाव सांगा. आम्ही अकराजण एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. हे म्हणाले रजिस्टरमध्ये आहे. म्हटलं, रजिस्टर काय बरोबर आणलंय? मला आठवायला हवं होतं गं. तुझ्या वडिलांच्या वेळी मी घरी आले होते तुझ्या. दारावर पाटी होती. पाटी आठवते, अक्षरं नाही आठवत."

तिने आपलं नाव सांगितलं. मालकीणबाईंनी ते एकदा उच्चारून पाहिलं, जसं नवीन दात बसवल्यावर माणूस जिभेने चाचपून बघतं.

"छान आहे की," त्या म्हणाल्या. मग ग्लास खाली ठेवत, "पण मी ताईच म्हणणार. आता या वयात जीभ वळायची नाही."

दोन तास ती तिथे बसली. लॉकरमधून पर्स आणली तेव्हा फोनही पाहिला. आईचा एकही फोन नव्हता. बहिणीचा एक निरोप होता: गाळणी कुठे ठेवतेस? तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट कोणीतरी खुर्ची काढून घेतल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

चार वाजता मालक आत डोकावले. "बरं वाटतंय का हिला? चला मग. साडेचारला बस. आणि ताई, सगळे शेवटचं पाण्यात जातायत, जरा पिशव्या..."

"मला जायचंय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "मला वर जायचंय. माझी चिठ्ठी आहे."

मालक काही बोलणार होते. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, साडेचारची बस आपणच ठरवलीये. पाच मिनिटांनी काय बिघडतं?"

ती गेली. चिठ्ठी दाखवल्यावर तिला सरळ पहिल्या ओळीत बसवलं, शेजारची खुर्ची रिकामीच. साखळी खडखडली, आभाळ आलं, तो दहा हातांचा टप्पा आला, आणि गेला. माथ्यावर क्षणभर सगळं दिसलं: पार्क, बसथांबा, शहराच्या कडेची घरं. मग खाली काही उरलं नाही. ती ओरडली. शब्द नव्हता, हाक नव्हती, कोणासाठी नव्हतं. नुसता आवाज, आणि तो आपल्यात एवढा साठलाय याची तिला कल्पना नव्हती.

बस पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. कोणी तिच्याशी फारसं बोललं नाही. सोमवारी टेबलावर तीन तातडीच्या कवळ्या वाट पाहत होत्या आणि पॉलिशवाल्याने तिला नवीन नाव दिलं होतं, 'उडती ताई'. ती हसली. संध्याकाळी साडेसहाला टेबलावरून उठायचं असं तिने मनाशी ठरवलं होतं. पहिले दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी आठ वाजले, चौथ्या दिवशी साडेआठ, आणि पुढे तेच.

पण दीड महिन्याने, एका बुधवारी, तिने लॅबमध्ये आईला दवाखान्यात न्यायचंय असं सांगितलं आणि घरी लॅबला चाललेय असं सांगितलं. खोटं बोलण्याची सवय नसल्याने दोन्हीकडे तिने गरज नसताना तपशील दिले. पार्क जवळजवळ रिकामा होता. पाकीट खिशात, बाकी काही नाही. ती त्या गाडीत चार वेळा बसली. भूक लागली तेव्हा जेवली, पाय दुखले तेव्हा गवतावर आडवी झाली, आणि दुपारी अर्धा तास कोणाचीही वाट न पाहता झोपली.

साडेसातला ती घरी आली. आई अंथरुणावर बसून होती.

"आज काम फार होतं का गं?" आईने विचारलं.

"नाही," ती चपला काढत म्हणाली. "आज गर्दी नव्हती."